तिसऱ्या प्रेसचा हार

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पुजतात, इथं तमिळ मुलखात त्याला आयुधपूजा म्हणतात. अंबत्तूरच्या ज्या छोट्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथं त्या दिवशी सगळ्या मशिनी पुसून त्यांना गंध-कुंकू लावतात. यंदा सगळ्यांत मोठा हार पत्रा दाबून कापणाऱ्या तिसऱ्या प्रेसला होता. याच प्रेसखाली अक्काची बोटं गेली होती.

अक्का त्या प्रेसवर बसायची. वयानं माझ्याहून लहान, पण सगळ्यांचीच अक्का. मध्ये हात आला की प्रेस थांबवणारा सेन्सर मॅनेजरनं बंद करून ठेवला होता, माल भराभर निघावा म्हणून. मी अपघाताआधी त्याला सांगितलं होतं, नंतर मालकांनाही सांगितलं. इथं सगळेच एकमेकांना 'सार', म्हणजे सर, म्हणतात; मालकही म्हणाले, "कारखान्याला दृष्ट लागली, सार." आणि यंदा त्यांनी दृष्ट काढायला आत कुंकू भरलेला भला थोरला कोहळा आणवला.

फाटकाशी तो कोहळा आपटला, आतलं कुंकू रस्ताभर पसरलं. माझं डोकं असं फिरलं होतं, की आपटण्याआधीच तो मॅनेजरच्या टाळक्यात घालावासा वाटला होता. घातला नाही, अर्थातच. हात जोडून उभा राहिलो.

अक्का आली होती. ठेवणीतली साडी, केसांत मोगरा, उजवा हात पदराखाली. तिला काम परत हवं होतं. मॅनेजर प्रसादाचे चुरमुरे वाटत होता. तिनं डावा हात पुढे केला, तशी त्यानं मूठ मागे घेतली.

"प्रसाद आहे अक्का. उजवा हात."

त्याच्या मनात दुष्टावाही नव्हता, नुसती सवय. त्याचाच मला जास्त संताप आला. "सार, द्या ना डाव्या हातात!" मी ओरडलोच. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

अक्कानं पदराखालचा हात काढला. अंगठा आणि करंगळी, मध्ये काही नाही. त्यानं चुरमुरे ओतले, ते गळायला लागले. मी खाली माझी ओंजळ धरली. एवढंच जमलं मला.

"पॅकिंगला तरी घ्याल का, सार?" तिनं त्याला हळूच विचारलं.

"बघू," म्हणून तो पुढच्या मुलीकडे वळला. ती तिसऱ्या प्रेसवर नवीन लागली होती. तिनं उजवा हात पुढे केला, पाची बोटं नीट जुळवून, आणि एक दाणाही सांडला नाही.

सेन्सर अजून बंदच होता.