भिंगबाईंचा सहावा दिवस

आमच्या बँकेत बाईंना सगळे पाठीमागे भिंगबाई म्हणत. चेकवरची सही आणि खातेदाराच्या कार्डावरची नमुन्याची सही जुळते का, हेच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी सात वर्षं काढली. "खरा माणूस घाईघाईत खरडतो, खोटा जपून लिहितो," असं त्या मला सांगायच्या. घरीही तोच स्वभाव. दूधवाला "आज अगदी ताजं आहे" म्हणाला, की "म्हणजे काल नव्हतं?" हा प्रश्न तयार.

त्यांचे यजमान नेमके उलटे. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून आम्हीही त्यांना सरच म्हणायचो. कुणी काहीही सांगावं आणि सरांनी ते खरं मानावं. निवृत्त झाल्यावर त्यांनीच टूम काढली, की लेकीकडे जायचं ते सायकलने. पावणेसहाशे किलोमीटर, आठ दिवस. दोघं आधीपासून सायकलवाले, त्यामुळे बाई तयार झाल्या. पण त्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. "पुढच्या वर्षी जाऊ" म्हटलं, की हा माणूस एवढा हट्टाला का पेटतो?

सहाव्या दिवशी सकाळी लॉजच्या खोलीत पंक्चरचं सामान शोधताना सरांच्या पिशवीत बाईंच्या हाताला एक छोटी बाटली लागली. थेंब टाकायची, लेबल नसलेली.

"हे काय?"

"धुळीने डोळे चुरचुरतात गं. औषधवाल्याने दिलंय."

"आणि लेबल?"

"घामाने निघालं असेल."

घामाने निघालेलं लेबल चुरगळतं, मागे तुकडे राहतात. इथे तर डिंकसुद्धा पुसून काढला होता.  बाईंनी बाटली होती तिथे ठेवली.

त्या दिवशी वारा समोरून होता. दहाच्या सुमाराला रस्त्याला फाटा फुटला, तिथे लाल फडकं घेतलेला एक मजूर उभा होता. "पुढचा पूल खचलाय. डावीकडून जा," तो म्हणाला. डावीकडे उभा चढ, शिवाय वीस-बावीस किलोमीटरचा वळसा.

"मग बोर्ड कुठाय?" बाईंनी विचारलं.

"लावायचाय अजून."

"लावायचाय म्हणे!" बाई सरांकडे वळल्या. "डावीकडे याच्या मेव्हण्याचं हॉटेल असणार, बघा तुम्ही."

"अगं, तो कशाला खोटं बोलेल?"

"तुम्हाला कुणीच खोटं बोलत नाही."

बाईंनी सरळ सायकल काढली. नऊ किलोमीटर छान उतार मिळाला. खाली पोहोचल्या तर पुलाचा मधला भाग नदीत बसलेला. तेच नऊ किलोमीटर परत चढताना दोन तास गेले. फाट्यावर तो मजूर डबा खात होता. त्याने नुसतं फडकं डावीकडे हलवलं. "त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं," असं बाई मला म्हणाल्या.

तोंडघशी पडल्यामुळे बाटलीबद्दलचा संशयही त्यांनी गिळून टाकला. आज आपलं डोकं ठिकाणावर नाही, अशी स्वतःची समजूत घातली. डोळे मात्र ऐकेनात. सर इतकी वर्षं कायम पुढे असायचे, वळणावर थांबून शीळ घालायचे. या प्रवासात ते सहाही दिवस बाईंच्या मागे होते. डावीकडच्या चढावर ते रस्ता सोडून पार कडेच्या खडीतून चालवत होते. पाणी प्यायला थांबले, तेव्हा बाईंनी बिस्किटाचा पुडा सरांच्या उजव्या खांद्याशी धरला, न बोलता. सर समोरच्या दरीकडे बघत राहिले. पुडा जरा हलवला. तरी काही नाही.

"घ्या ना," बाई म्हणाल्या.

सरांनी अख्खी मान वळवली आणि हसून बिस्कीट घेतलं.  विचारावं का? पण सकाळी त्या मजुराबद्दलही आपली अशीच खात्री होती. त्यांनी पुडा पिशवीत टाकला. तेव्हा विचारलं नाही, याचा पश्चात्ताप त्यांना आजही होतो.

पलीकडच्या उतारावर मागून टेम्पो आला. सरांच्या उजव्या हाताला आल्यावरच त्याने हॉर्न दिला. सर असे दचकले, की हँडल डावीकडे फिरलं, चाक खडीत घसरलं आणि सायकलसकट ते गटारात. बाई सायकल टाकून धावल्या. सरांचं कोपर सोललं होतं, पुढचं चाक वाकलं होतं. बाकी धडधाकट.

बाई त्यांच्या उजवीकडे बसल्या आणि हात वर केला. "किती बोटं?"

"अगं, आत्ता हे काय..."

"मान वळवू नका. किती?"

सरांनी कोपरावरची माती झटकली. मग म्हणाले, "दिसत नाहीत."

"कधीपासून?"

"चार महिने झाले डॉक्टरांनी सांगून. काचबिंदू आहे. उजवीकडचं बरंच गेलंय. गेलेलं परत येत नाही म्हणाले."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर सायकलला हात लावू दिला असतास?"

"नसता!"

"म्हणून तर. हा रस्ता एकदा नीट बघायचा होता गं, दिसतंय तोवर."

बाईंना इतका राग आला, की रडूही येईना. परक्यांच्या हजारो खोट्या सह्या त्यांनी पकडल्या होत्या, आणि शेजारी झोपणारा माणूस चार महिने न्हाणीघराची कडी लावून डोळ्यात औषध घालत होता. त्यांनी कोपर धुतलं, पुढचा ब्रेक सोडून ठेवला, चाक कसंबसं फिरेल असं केलं. मुक्कामाच्या गावापर्यंतचे सात किलोमीटर दोघं सायकली ढकलत चालले. बाई उजवीकडून.

दुसऱ्या दिवशी गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची बाईंनी तासभर उलटतपासणी घेतली. तपासणी दोनदा करायला लावली, सगळं लेखी मागितलं. उरलेली नजर औषधाने टिकवता येईल, वाहनांच्या रस्त्यावर एकट्याने सायकल नको, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तो कागद बाईंनी स्वतःच्या पिशवीत ठेवला. मग चाक सरळ करून घेतलं आणि पुढचा प्रवास बसने झाला, सायकली टपावर.

लेकीच्या गावाआधी पंधरा किलोमीटर कालव्याच्या कडेने मोकळा रस्ता जातो. तिथे बाईंनीच बस थांबवून सायकली उतरवल्या.

"मी पुढे होऊ?" सरांनी विचारलं.

"व्हा. पण मी बघतेय."

सर पुढे निघाले. थोड्या वेळाने ते शीळ घालायला लागले, तेव्हा बाईंनी जोर लावून त्यांना गाठलं आणि उजवीकडून चालवू लागल्या.