तिसरी लाथ

माझी पाठदुखी माझ्या लग्नापेक्षा दोन वर्षांनी थोरली आहे. मानदुखी मधली आणि डोकेदुखी शेंडेफळ. ओझरच्या कारखान्यात अख्खी नोकरी मशीनवर वाकून काढली, त्याची ही तीन अपत्यं! (खरं अपत्य एकच, मनीषा. ती दिंडोरीला दिली.)

तरी मी कधी दवाखान्याची पायरी चढलो नाही. कारण माझी बायको सुमन पायाळू, म्हणजे जन्मतानाच पायांनी आलेली. पायाळू माणसाने लाथ लावली की पाठीतली उसण जाते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. उसण भरली की मी उंबऱ्यात पालथा पडायचो आणि सुमन मोजून तीन लाथा घालायची. पहिली उसणीसाठी. उरलेल्या दोन कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही; तिसरी चुकवायला मात्र दरवेळी धडपडायचो.

सुमन जाऊन दोन वर्षं झाली. पाठीच्या बरोबर मधोमध एक जागा आहे, तिथे माझा हातच पोचत नाही. खांद्यावरून नाही आणि कमरेकडूनही नाही. एका सकाळी मी बाम दाराच्या चौकटीला फासला आणि म्हशीसारखी पाठ घासत उभा राहिलो. समोरच्या बर्वेबाईंनी ते पाहिलं आणि गुपचूप दार लावून घेतलं. दोन वर्षांत आमचा शेजारधर्म एवढाच.

हे फोनवर ऐकून रविवारी मनीषा जावयाला घेऊन थेट नाशकात हजर!

"नाना, हे पायाळू आहेत! सासूबाईंनी कालच सांगितलं."

दीपकराव द्राक्षबागेत दिवसभर राबणारा गडी, पण घामाघूम झाले. "नाय ओ मामा! सासऱ्याला लाथ? पाप लागंल!"

"अहो, औषध आहे ते!" मनीषा म्हणाली.

"मंग आधी पाया पडू द्या."

ते पाया पडले. मी उंबऱ्यात पालथा झालो. पहिली लाथ इतकी हलकी, की मला वाटलं मांजर गेलं. वर ते पुन्हा पाया पडले!

"जोरात हाणा!" मी ओरडलो.

दुसरी बरोबर त्या जागेवर बसली. जिथे दोन वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता, तिथे. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अगं सुमन, हळू!"

मनीषाने तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांना धार लागली, ती काही थांबेना.

नेमकी तेव्हाच लिफ्ट उघडली. बर्वेबाईंना काय दिसलं? उंबऱ्यात म्हातारा हमसून रडतोय, जावयाचा पाय हवेत आणि मुलगी शेजारी स्वस्थ उभी!

"अहो धावा! म्हाताऱ्याला लाथा मारतायत!"

सगळी बिल्डिंग धावली. वॉचमनने दीपकरावांची कॉलर धरली. मी जमिनीवरूनच हात जोडले, "सोडा हो त्यांना! मारू द्या! अजून एक बाकी आहे!"

बर्वेबाईंनी कपाळावर हात मारला. त्यांना वाटलं, मार खाऊन खाऊन डोक्यावर परिणाम झालाय.

शेवटी मनीषाने सगळं समजावून सांगितलं. बर्वेबाई जरा घुटमळल्या. "पायाळू का? माझी मान महिनाभर धरलीये हो." मागून कुणाची कंबर आली, कुणाचा खांदा आला. दीपकराव आधी प्रत्येकाच्या पाया पडायचे, मग लाथ घालायचे! मनीषाने दोनदा चहा टाकला. दोन वर्षांनी माझ्या घरात कपबश्या कमी पडल्या. या गर्दीत माझा नंबर काही पुन्हा लागला नाही.

संध्याकाळी सगळे गेले आणि घर खायला उठलं. मी कपबश्या विसळायला उभा राहिलो. वाकलो, वळलो, मुद्दाम पुन्हा वाकलो. पाठीत साधी कळसुद्धा येईना! अशी पाठ घेऊन मी एकटा काय करणार होतो?

हात पुसले आणि फोन लावला. "मनीषा, दीपकरावांना म्हणावं, तिसरी राहिलीय. पुढच्या रविवारी या."

बायकोची तिसरी लाथ चुकवायला जन्मभर धडपडलो, आणि आता जावयाला आमंत्रण देऊन ती मागून घेतोय!