कोवळे फुटवे

पाहुण्यांसाठी गूळपाणी करताना अजून मला आमची तांबडी गाय आठवते. मी लहान असताना येरमाळ्याजवळच्या आमच्या रानात, कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन तांबडी गाय थरथरत कोसळली होती. वडील, ज्यांना मी दादा म्हणायचे, बांबूच्या नळकांड्यातनं तिच्या घशात गूळपाणी ओतत होते.

"दादा, मरंल का वो ती?"

"फुटव्यात इख असतंय. गूळ आण अजून, पळ!"

तांबडी वाचली. पुढं एकदा त्याच रानाच्या बांधावर ती पाय रोवून उभी राहिली, काही केल्या हलेना. वासरू मात्र तिला वळसा घालून थेट हिरव्या फुटव्यात शिरलं. ती हंबरत राहिली. मी किंचाळत धावले, त्याला मानेला धरून बाहेर ओढलं.

आता नात एकटी परगावी निघाली की मी दारात तांबडीसारखीच पाय रोवून उभी राहते. मला बाहेरच्या इखाची चव ठाऊक आहे, तिला नाही.