भांड्यांवरचं पिंपळटेक

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीला ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. फोन सायलेंटवर. बाहेर येऊन पाहिलं तर धाकट्या भावाचे मिस्ड कॉल. "ताई, आत्या गेली. दुकानात भांडी पुसत बसली होती... तशीच कलंडली," तो म्हणाला. मला रडू यायच्या आधी रागच आला. ज्या दुकानात महिनोन्‌महिने गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, तिथं ही बाई रोज शटर वर करून बसायची. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. तिनं कुणाचं ऐकलं नाही.

लवळ्याच्या डोंगरापलीकडचं आमचं पिंपळटेक आज कुणी पाहिलं तर तिथं कधी बाजार भरत होता यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. माझ्या लहानपणी गुरुवारी मात्र त्या पेठेत पाय ठेवायला जागा नसायची. डोंगरात दगडाची खाण होती, खडीचा क्रशर होता, आणि खाणीवर राबणाऱ्या माणसांच्या जिवावर अख्खा बाजार चालायचा. सुकट-बोंबील, चपला, बांगड्या, भज्यांच्या कढया, आणि मधोमध, टेलरच्या समोर, सुमनआत्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. दुपारी सुरुंग उडाला की फळीवरची सगळी ताटं एकदम वाजायची. आत्या बोलणं न थांबवता नुसता हात वर करून कडेची कळशी धरायची. पुण्याची पाहुणी, म्हणजे मी, दचकले की तिला भारी गंमत वाटायची.

अठ्ठ्याण्णव साली दहावीची परीक्षा देऊन मी सुटीभर तिच्याकडे राहिले. माझं काम एकच, ती नाव घालत असताना भांडं घट्ट धरायचं. नाव घालायचं ते विजेचं मशीन तिच्या हातात असं काही घुरघुरायचं की माझे दात शिरशिरायचे. आपल्याकडे भांड्यावर माणसाचं नाव घालतात, फार तर कुणी कुणाला दिलं ते. खाणीवरच्या बाया मात्र नावाखाली 'पिंपळटेक' घालून घ्यायच्या. मला नवल वाटलं. खडी वाहणारी गंगव्वा नेहमी यायची, तिला मी विचारलं, "पण तुमचं गाव तर तिकडं कर्नाटकात ना?"

"आमाला कुटलं गाव?" ती म्हणाली. "जितं दगूड तितं आमी. पोरं हितं झाली, आता ह्येच गाव."

आत्यानं मान वर न करता ते नाव कोरलं. ती प्रत्येक अक्षरावरून दोनदा मशीन फिरवायची, घासून घासून पुसलं जाऊ नये म्हणून.

आणि याच आत्यानं पुढं खाण बंद पाडली. आत्याचे यजमान, आमचे मामा, दिवसरात्र खोकायचे. विहिरी आटल्या होत्या, भिंतींना चिरा गेल्या होत्या. एका दुपारी सुरुंगाचा धोंडा उडून शाळेच्या कौलांतून वर्गात पडला. पोरं जेवायला बाहेर गेली होती म्हणून निभावलं. त्यानंतरच्या ग्रामसभेत पुरुषमंडळी घसे खाकरत बसली होती, कारण ज्याचं त्याचं पोट खाणीवर. आत्या उठली. "माझं बी दुकान हाय. पर उद्या पोरगं मेलं तर कुनाला भांडी इकू?" ती म्हणाली. तिच्यामागं बाया उभ्या राहिल्या. तालुक्याला खेटे घातले, साहेब येऊन पाहून गेले, आणि एका पावसाळ्याच्या तोंडावर खाणीला कुलूप लागलं. गावानं गुलाल उधळला. आत्यानं पेढे वाटले.

गुलाल धुऊन निघायच्या आत खाणकामगारांच्या वस्तीवरच्या झोपड्या उतरायला लागल्या. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे खाण जाईल एवढं सगळ्यांना कळत होतं, माणसं जातील हे नाही... ट्रक भरत होते तेव्हा गंगव्वा दुकानात आली. तिची एक कळशी नाव घालायला ठेवलेली होती. आत्यानं ती पुसून तिच्या हातात दिली आणि विचारलं, "गंगव्वा, रागावलीस व्हय माझ्यावर?" तेवढ्यात ट्रकनं हॉर्न दिला. गंगव्वा कळशी कमरेवर घेऊन निघून गेली. उत्तर राहून गेलं.

त्या प्रश्नानं आत्याची उरलेली वर्षं खाल्ली, असं मला आज वाटतं. मामांचा खोकला थांबला, विहिरीला पाणी आलं, त्याचं तिला समाधान होतं. पण गुरुवार ओसरत गेला. आधी बोंबीलवाले यायचे बंद झाले, मग बांगड्यांवाली. तोंडावर कुणी बोलायचं नाही, मागं मात्र "हिनंच बाजार उठवला" हे ठरलेलं. खाणीच्या खड्ड्यात तळं साठलं, तिथं कॉलेजची पोरं फोटो काढायला यायला लागली. शेजारच्या नांदे गावाकडं इमारती उठल्या, पण त्यांतल्या बायकांना आत्याच्या कळशा-हंड्यांचं काय. मामा गेले तरी ती दुकान उघडत राहिली. मी एकदा चिडून म्हटलं, "कुणासाठी बसतेस गं?" तर म्हणाली, "खाणीवरल्यातलं कुनी आलं, आन दुकान बंद दिसलं तर? मी त्यास्नी हाकललं असंच वाटंल की."

गेल्या महिन्यात भावानं दुकान रिकामं करायला घेतलं. मी ताटं बांधत होते, तेवढ्यात पायरीशी एक म्हातारी येऊन टेकली. जवळ कोरा करकरीत हंडा. "अक्का कुटं हायेत?" तिनं विचारलं. आवाजावरून ओळख पटली. गंगव्वा. आता वाघोलीच्या बाजूला खाणीवर असते म्हणाली. आत्या गेल्याचं मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि रिकाम्या फळ्यांकडं पाहिलं.

"नातीचं लगीन हाय," ती म्हणाली. "नाव घालून न्यावं म्हनलं."

मी बांधलेल्या गाठोड्यातून आत्याचं नाव घालायचं मशीन काढलं. "काय घालू?"

"तिचं नाव घाल. आन खाली पिंपळटेक."

मला राहवलं नाही. "गंगव्वा, तुम्ही आत्यावर रागावला नव्हतात?"

"रागावले हुते की. लई. वरीसभर तिचं नाव घेतलं न्हाई. मग नातू खोकाया लागला, तवा कळलं ती का भांडली. कवातरी येऊन सांगावं म्हनत हुते... खाड्याचं भ्या, मजुरी बुडायची. यायाच न्हाई झालं."

मी मशीन लावलं. ते घुरघुरायला लागलं तसा त्या आवाजानं समोरचा टेलर शिवण टाकून लगबगीनं त्याच्या दारात आला. आत्याच्या जागी मला पाहिलं, आणि परत आत जाऊन बसला.