अण्णांच्या गावी, अवरेच्या दिवसांत

“ही कॉन्व्हेंटची पोर आपल्यात दोन दिवस काय करणार गं? भिंतीसारखी बसून राहील.”

अंगणात पाय धुताना हे वाक्य मी ऐकले. बोलत होत्या सीताक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी. अण्णा बाबांचे आतेभाऊ. बाबांच्या आत्या इकडच्या जुन्या मराठी घराण्यात दिलेल्या. आम्ही मात्र बाबांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे अलीकडेच पुण्याहून बंगलोरला आलो. पाहुण्यांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तेव्हा सीताक्कांचे फारसे चुकले नव्हते.

सकाळी बंगलोरजवळच्या येलहंक्याला आम्ही छोट्या रुळांची गाडी धरली होती. ती इतकी सावकाश जाते की पायरीवरून आईची चप्पल पडली तेव्हा बाबांनी खाली उतरून ती उचलली आणि शेवटच्या डब्यात चढले. पुढच्या स्टेशनापर्यंत आई एका पायात चप्पल घालून बसली होती. बाबा आले ते चप्पल बक्षिसासारखी उंच धरून. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव आणि तांबडी माती होती.

जानेवारी म्हणजे अवरेचे (वालासारख्या शेंगांचे) दिवस. पडवीत भिजवलेल्या दाण्यांचे मोठे पातेले मांडले होते आणि भोवती बायका बसल्या होत्या. दाणा चिमटीत दाबला की साल हातात राहते आणि डाळ बाहेर उडी मारते. माझी पहिली डाळ थेट अण्णांच्या चष्म्यावर जाऊन आदळली.

“सरी! (ठीक!) नेम बरा आहे पोरीचा,” अण्णा म्हणाले.

“अक्का, जोर नको लावू,” माझ्या शेजारची तुळसा हसून म्हणाली. “स्वल्प (जरासं) दाब की.”

तुळसा अण्णांची तेरा वर्षांची मुलगी. मला तोवर कुणी अक्का, म्हणजे ताई, म्हटले नव्हते.

जेवायला रागी मुद्दे (नाचणीच्या उकडीचा गोळा) आणि त्याच डाळीचे सार होते. मी मुद्दे चावत बसले. “गीळ गं, चावतीस काय!” म्हणून सीताक्कांनी स्वतः गिळून दाखवले. तिसऱ्या घासाला मला जमले. साराची चव अजून जिभेवर आहे.

तेवढ्यात तुळसा म्हणाली, “अण्णा, गावच्या शाळेतली शेवटची इयत्ता मार्चमध्ये संपणार. मला बंगलोरच्या हायस्कुलात घाला.”

“परत तेच? हायस्कूल आहे, पण राहणार कुठं? परक्याच्या घरी लेक ठेवणार नाही मी. जेव मुकाट.”

बाबांनी पानात पाहिले. आईने ताकाची वाटी उचलली. आमच्या घरात एक खोली माझ्या एकटीची आहे. मी पाणी प्याले.

रविवारी सकाळी तुळसा मला गोठ्यामागे घेऊन गेली. तिथली भिंत कोळशाने काढलेल्या त्रिकोणांनी भरलेली होती. “संक्रांतीला दरवर्षी चुना मारतात. तोवर माझी,” ती म्हणाली. एका सिद्धतेत दोन रेषा समांतर आहेत हे तिने न सांगताच धरून चालले होते. मी कोळसा घेतला आणि समजावू लागले. तिने अडवले, मी पुन्हा सांगितले, तिने वाद घातला. आईने हाक मारली तेव्हा कुठे लक्षात आले की बराच वेळ मीच बोलते आहे, आणि तेही मोठ्या आवाजात.

“एवढं बोलतीस की गं तू!” सीताक्का मागे उभ्या होत्या.

दुपारी गाडीची वेळ झाली. निघताना अण्णांनी मला उंबऱ्यात थांबवले. त्या घरची रीत अशी की नात्यातली मुलगी पहिल्यांदा आली की जाताना तिने काहीतरी मागायचे, आणि घराने ते द्यायचेच. कुणी लोणच्याची बरणी मागते, कुणी द्राक्षवेलाची काडी. अण्णांच्या बहिणीने दुभती गाय नेली होती.

“माग की. नाही म्हणायचं नसतं आम्हाला,” अण्णा म्हणाले.

“काही नको म्हण,” आई कानाशी पुटपुटली. आयुष्यभर मी तेच म्हणत आले होते. तुळसा खांबाला टेकून पायाने माती उकरत होती.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीकडे तोंड करून हसत राहिले. येलहंका आल्यावर आई एवढेच म्हणाली, “तुझी पुस्तकांची फळी भिंतीवर उंच घ्यावी लागेल. खाली खाट येईल.” जूनपासून ती खाट तिथे आहे, आणि आमच्या भिंतीवर कोळसा वापरायचा नाही यावरून आईचे रोज भांडण होते. प्रवासाला माणसे नवी ठिकाणे पाहायला जातात. मी दोन दिवस गेले आणि माझा आवाज कसा आहे ते ऐकून आले. त्या उंबऱ्यात तो थरथरला, पण शेवटपर्यंत टिकला.

“अण्णा, मला तुळसा द्या. ती माझ्या खोलीत राहील, आणि आमचं घर परकं नाही.”