माहीत नाही सर

"मला माहीत नाही" हे तीन शब्द वर्गात छाती पुढे काढून म्हणणारा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. जळगावला बी.एस्सी.ला कॉम्प्युटर हा विषय नवाकोरा आला आणि गणिताच्या या सरांना दीड महिन्याचं प्रशिक्षण देऊन आमच्यापुढे उभं केलं. पोरं त्यांना 'माहीत नाही सर' म्हणायची. त्यांनाही ते ठाऊक होतं.

आम्ही तीस जण, मशीन दोन. तीही एसीच्या खोलीत, चपला बाहेर काढून आत जायचं. आठवड्यातून अर्धा तास वाट्याला यायचा, म्हणून सर आधी प्रोग्रॅम वहीत चालवायला लावायचे. एकीने मशीन व्हायचं, दुसरीने आकडे सांगायचे. एकदा मी मशीन झाले नि लिहीत सुटले. चार पानं भरली, बोटं दुखायला लागली, तरी उत्तर येईना. सर शेजारी उभे राहून गालात हसत होते. "कुठं थांबायचं ते सांगितलंयस का त्याला?" मेलं, तेच लिहायचं राहिलं होतं!

खरं सांगते, आपण काय शिकतोय हेच मला तीन वर्षं उमजत नव्हतं. घरी धरणगावला शेजारची अक्का विचारायची, "म्हणजे टायपिंगच ना?" मामा म्हणायचा, टीव्ही दुरुस्त करून दे. शेवटी सरांनाच विचारलं, पुढं आम्ही होणार तरी कोण?

"मला माहीत नाही. मीही तुझ्यासारखाच चाचपडतोय. पण न कळलेलं कळलं म्हणून सांगू नकोस. तेवढं जमलं, तर तू माझी विद्यार्थिनी."

डोंबलाची विद्यार्थिनी! असा राग आला म्हणून सांगू.

शेवटच्या वर्षी पुण्याला पुढच्या कोर्ससाठी नंबर लागला. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं एकच: बी.एड. कर, शाळेत चिकट. बी.एड.चा फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते. आबांनी गावात ज्याला त्याला पुण्याचं विचारलं होतं. सगळे ठोकून द्यायचे, नोकरी लागेल की! आबांचा कुणावर विश्वास बसेना. मग मीच हट्टाने त्यांना सरांकडे नेलं.

"मास्तर, पोरले पुणाले धाडं तर नोकरी लागी का?"

मी डोळ्यांनीच सरांची गयावया करत होते. फक्त हो म्हणा.

"आबा, मला माहीत नाही," सर म्हणाले. "पोरगी मन लावून करते, एवढं माहीत आहे."

झालं! स्टँडपर्यंत मी रडत आले. सरांचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं ठरवूनही टाकलं. एस.टी. लागली तेव्हा आबांनी खिशातून बी.एड.चा फॉर्म काढला आणि माझ्यासमोर फाडला.

"गावना बठ्ठा लोक सांगतस, लागी जाई, लागी जाई. हाऊ मास्तर एकलाच खरं बोलना. जाय पोरी पुणाले."

बऱ्याच वर्षांनी, सर निवृत्त होऊन जळगावातच मेहरूणला राहत होते तेव्हा मी भेटायला गेले. तोवर माझ्या नोकऱ्या दोनदा बदलल्या होत्या आणि शिकलेलं निम्मं जुनं झालं होतं. सर थकले होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या या कामाचं पुढं काय होणार गं?"

ऑफिसात या प्रश्नाला मी झकास उत्तर द्यायची. तिथे मात्र तोंडून निघालं, "मला माहीत नाही, सर."

सर खुर्चीचे हात धरून उठले आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाक. माझी विद्यार्थिनी आलीये!"