कॅमेऱ्यात बघायचं नाही!

शाळेच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप येऊन मानगुटीवर बसतात. त्यातून तुम्हाला स्वतःलाच न येणारा विषय शिकवायला मिळाला, तर मग विचारायलाच नको!

मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत अकरावी-बारावीला इतिहास शिकवायचो. दोन हजारनंतरची गोष्ट. एके दिवशी हेडसरांनी बोलावलं. "या वर्षीपासून आपल्याकडे चित्रपटनिर्मिती हा ऐच्छिक विषय. तुम्ही घ्या."

"सर, मी इतिहासाचा माणूस!"

"तुमच्याकडे कॅमेरा आहे ना?"

होता. फोटोचा. त्यात रोलही नव्हता!

पुण्याहून नियमांचा कागद आला. प्रत्येक मुलानं वर्षअखेर पोर्टफोलिओ द्यायचा, म्हणजे एक जाडजूड फाईल. त्यात पटकथा, एकेका शॉटचं चित्र काढलेला स्टोरीबोर्ड, तीन मिनिटांची फिल्म आणि 'माझ्या कामातल्या उणिवा' असं एक पान. मग पुण्याहून परीक्षक मॅडम येणार आणि श्रेणी देणार. खाली ठळक अक्षरात सूचना होती, 'पात्रांनी कॅमेऱ्यात बघू नये.'

हे लिहिणाऱ्यानं आमचा भाग पाहिलेला नसणार. आमच्याकडे व्हिडिओ म्हणजे लग्न! शूटिंगवाला ओरडतो, "मामा, इकडं बघा!" की मामा टोपी सरळ करून बघतात, मामी पदर सावरून बघतात. जो बघत नाही तो रुसलाय असं समजतात, आणि मग त्याची समजूत काढायला दोन माणसं जातात. अशा मुलखात मला वर्षभर एकच वाक्य ओरडावं लागलं, "कॅमेऱ्यात बघायचं नाही!"

वर्गात मुलं आली ती 'या विषयाला पुस्तक नाही' या आनंदात. मनापासून आलेली एकटीच, बोरी बुद्रुकची मंगल. तिला पुण्याच्या एका संस्थेत हेच पुढं शिकायचं होतं आणि तिथं पहिल्या श्रेणीशिवाय अर्जच घेत नव्हते. घरी आईचा साफ नकार. तिनं पोरीसाठी स्थळ बघून ठेवलेलं. वडील "आईला इचार" म्हणून मोकळे! त्यामुळं बाकीच्यांच्या फायली म्हणजे माझी डोकेदुखी होती, पण मंगलच्या फाईलवर तिचं सगळं पुढचं अवलंबून होतं.

*

पहिली पायरी स्टोरीबोर्ड. संतोष नावाचा आमचा एक नग होता. त्यानं चोरीच्या प्रसंगाची चित्रं काढून आणली. चोर तिजोरी फोडतोय आणि तोंड आपल्याकडं. शिपाई चोराच्या मागं पळतोय, तोंड आपल्याकडं. मागं कट्ट्यावर बसलेली तीन माणसं, तीही आपल्याकडं बघून हसतायत!

"अरे, निदान कागदावरची माणसं तरी तुझ्या हातात आहेत ना?"

संतोष गंभीरपणे म्हणाला, "सर, पाठमोरी काढली तर ओळखू कशी यायची?"

*

आता फिल्म काढायची तर कॅमेरा हवा. बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानाचे पारसशेठ भला माणूस. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी शाळेला हँडीकॅम भेट दिला. देताना म्हणाले, "सर, माझी काहीच अट नाही. फक्त मुलांच्या गोष्टीत कुठं जमलंच, तर दुकानाची पाटी बघा."

मी मुलांना म्हटलं, जमलं तर घ्या. जमलं की! भुताच्या फिल्ममध्ये भूत पिंपळावरून उतरतं, ओढा ओलांडतं आणि थेट शेठच्या दुकानात जाऊन पांढरं कापड फाडून घेतं. वरून भाव करतं!

शेठना फिल्म दाखवली. त्यांनी शांतपणे बघितली आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे हो. पण माझ्याकडे एकच भाव असतो!"

*

संतोषची स्वतःची फिल्म होती, 'चुकलेली एसटी'. परीक्षेला निघालेला मुलगा पळत स्टँडवर येतो, एसटी निघून जाते, मुलगा धुळीत उभा. बस्स! यात बिघडण्यासारखं काय आहे? शूटिंगला घोडेगावचा स्टँड धरला. डोंगरातल्या गावांना जाणारी एक गाडी उभी होती. ड्रायव्हरला सगळं समजावलं. तो म्हणाला, "काय टेन्शन घेऊ नका गुरुजी. आपण निघून जायचं, एवढंच ना?"

संतोष पळाला. गाडी हलली. आणि दहा पावलांवर थांबली!

"काय झालं हो?"

"म्हातारी मागनं वरडली, प्वार पळतंय, थांबा!"

कंडक्टरनं सगळ्या गाडीला समजावलं, हे खोटं-खोटं आहे. पुन्हा पळापळ. या वेळी मागच्या दारातून चार हात बाहेर आले आणि त्यांनी संतोषला उचलून आत घेतलं! मी कपाळाला हात लावला. ड्रायव्हर खाली उतरला आणि उलट मलाच बोलला, "गुरुजी, राग मानू नका. पर आरशात परीक्षेचं प्वार पळताना दिसतंय आन् आमी गाडी न्यायची? पाय ब्रेकवर जातोच राव!"

शेवटी फिल्मचं नाव बदलून 'सापडलेली एसटी' केलं. त्यात अख्खी गाडी खिडक्यांतून डोकावून कॅमेऱ्यात हात हलवते आहे.

*

एका मुलीनं विषय घेतला 'एकटेपणा'. पठारावरच्या आणे गावात तिच्या ओळखीचे एक आजोबा एकटेच राहायचे. आम्ही तिथं पोचलो तर आजोबांच्या ओट्यावर निम्मं गाव! मी हात जोडून म्हटलं, "मंडळी, जरा बाजूला व्हा. आजोबा एकटे दिसायला पाहिजेत."

एक जण ताडकन उठला. "एकटे? आन् आमी काय मेलो का? गावात म्हातारा एकटा ऱ्हातो असं पुण्यात दाखवणार? गावाची काय अब्रू व्हईल?"

मग गावानं आमची वाट न बघता आजोबांना मधे बसवलं. दोन्ही बाजूंना पुतणे, मागं सुना, पुढं पोरं, आणि सगळ्यांचं तोंड कॅमेऱ्याकडं. आजोबा माझ्या कानात म्हणाले, "गुरुजी, असंच येत जा. तुमच्यामुळं लई दिवसांनी सगळी आली!"

आजोबांचं हे वाक्य मात्र त्या मुलीनं टिपलं नव्हतं. तोवर त्या गर्दीत तिच्या हातातला कॅमेरा कुणीतरी पाहुण्याला बघायला दिला होता!

*

एडिटिंगला नारायणगावच्या एका लग्नाच्या स्टुडिओत जायचो. तिथल्या बबलूकडे कॉम्प्युटर होता. एका मुलानं आपल्या मेलेल्या बैलावर फिल्म केली होती. खरंच चांगली. रिकामा गोठा, खुंटा, दावं. बबलूकडून सीडी आली. लावली. बैलाचा जुना फोटो दिसला, त्याच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, मग दोन बदाम आले. एका बदामात बैल, दुसऱ्यात मुलाचे वडील! दोन्ही बदाम फिरत फिरत एकत्र झाले!

मी तडक नारायणगाव गाठलं. "अरे बबलू, बैल मेलाय त्यांचा!"

"म्हणूनच तर भाऊ, साधे बदाम टाकले. सोनेरी नाय टाकले!"

*

राहिलं उणिवांचं पान. दोनदा समजावलं, की स्वतःला तपासा, कुठं कमी पडलो ते प्रामाणिकपणे लिहा. सगळ्यांनी मिळून एकच उत्तर उतरवलं, 'माझे अक्षर चांगले नाही.' फक्त संतोषनं प्रामाणिकपणे लिहिलं. त्याच्या पानावर दोनच शब्द होते. 'उणीव : सर.'

*

मंगलला मी बजावून सांगितलं होतं, घरच्यांना फिल्ममध्ये घेऊ नकोस. आया तर कॅमेरा दिसला की हातातलं काम टाकून पदर सावरतात. तिनं ऐकलं नाही. आईवरच फिल्म केली आणि मला न दाखवता फाईल थेट हेडसरांकडं जमा केली. मी चिडलो. पोरगी आपल्या हातानं श्रेणी घालवणार!

परीक्षक मॅडम आल्या. एकेक फिल्म बघत गेल्या. एसटी हात हलवून गेली, बदाम फिरून गेले. मॅडम नियमांच्या कागदावर फुल्या मारत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. शेवटी मंगलची फिल्म लागली.

कांद्याच्या चाळीसमोर आई कांदा निवडत बसलीय. कॅमेरा लांब आहे. मग जवळ येतो. मग अगदी समोर, हातभर अंतरावर. आई मान वर करत नाही. सडका कांदा डावीकडं, चांगला उजवीकडं. कपाळावर आलेले केस मनगटानं मागं सारते, पण बघत नाही. मग उठून जाते. नुसता कांद्याचा ढीग दिसत राहतो. 'इथं कापायला नको होतं का?' असं मी पुटपुटलोच. तेवढ्यात बाजूनं एक हात आला. त्यानं भाकरी-पिठल्याचं ताट कॅमेऱ्यापुढं ठेवलं, वर दुसरं ताट झाकलं आणि गेला. फिल्म संपली.

मॅडमनी पहिली श्रेणी लिहिली, सही केली. माझा जीव भांड्यात पडला. पुण्याचा अर्ज आता नक्की! बॅग आवरता आवरता मॅडमनी कौतुकानं विचारलं, "मंगल, मोठमोठ्या कलाकारांना हे जमत नाही गं. कॅमेऱ्यात बघायचं नाही हे आईला कसं समजावलंस?"

मंगल म्हणाली, "समजावलं कुठं मॅडम? पुण्याला जाणार म्हणल्यापासनं ती माज्याकडं बघतच न्हाई."

मॅडम बॅगेची चेन लावायच्या थांबल्या. "आणि ते ताट?"

"ते व्हय? ते रोज ठिवती."